काळी तीनचा सा

निघायच्या सकाळी आईने माझ्या बॅगेतला इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला आणि त्या जागी कुरडयांचा डबा बसवला. "तिकडे कोणासमोर गाणार आहेस? आणि आवाज जरा खाली ठेव. परका मुलूख आहे." मी डबा नवऱ्याच्या बॅगेत टाकला, तानपुरा परत ठेवला, चेन लावली आणि टॅक्सीत बसले. चिंचवडच्या आमच्या गल्लीला वाटलं, ही रडत नाही म्हणजे दगडच. दगड नव्हते. पासपोर्ट, तिकिटं, लहानग्या सईचं औषध, एवढं डोक्यात चालू होतं. रडायचं नंतर ठरवलं होतं, ते राहूनच गेलं.

माझा आवाज जाड. फोनवर लोक मला "दादा" म्हणायचे. गाण्याच्या क्लासमध्ये बाकीच्या मुलींची पट्टी काळी चार, काळी पाच. माझी त्याहून खालची, काळी तीन. मला बघायला मंडळी आली तेव्हा आईने पोहे पुढे केले, गाणं नाही.

आता आम्ही अबू धाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. मी मुसाफाच्या एका गोदामात शिपमेंट सांभाळते. सई कॉलेजात आहे आणि माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देते. तिच्या हौशी कॉयरला, म्हणजे समूहगायनाच्या गटाला, हजेरी घेणारं आणि हॉल बुक करणारं कोणीतरी हवं होतं, म्हणून मी गेले. तिथे स्टाव्रोस भेटला.

स्टाव्रोस ग्रीक, साठीचा, संगीतकार. जन्म एका लहान बेटावरचा. वडील तेलवाहू जहाजावर इंजिनियर. वर्षातले थोडे दिवस घरी, बाकी पोस्टकार्डं. बरीचशी इथल्याच फुजैरा बंदरातून, कारण जहाज तिथे इंधन भरायला थांबायचं. मुलासाठी त्यांनी जहाजावरचे ऑफिसर घडवणाऱ्या शाळेत जागा मिळवली. मुलगा अथेन्सला संगीत शिकायला पळाला. वडील मग कित्येक वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. त्याच्या रचना तिकडे वाजल्या, नाव झालं, पुढे कामं आटली. आता तो इथे शाळकरी मुलांना पियानो शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी गाडी काढून फुजैराला जातो, समुद्रात उभी असलेली जहाजं बघायला.

त्या जहाजांविषयी त्याने तारवाद्यं आणि कॉयरसाठी एक रचना लिहिली. चेलो एकच स्वर धरून बसतात आणि त्यावर एक बाई शब्दांशिवाय हाक मारते. पार्किंग अडवणाऱ्या एका माणसावर मी ओरडत होते, ते त्याने ऐकलं. म्हणाला, "कप्तान, हाक तू मारायचीस. आमच्याकडे किनाऱ्यावरून बायका अशाच होड्यांना बोलवायच्या."

पहिल्याच तालमीत घोटाळा झाला. पियानोवाल्याने स्वर दिला. मी डोळे मिटले, माझा सा लावला आणि सुरू झाले. चाल बिनचूक, पण चेलोंच्या तीन पट्ट्या खाली. आमच्याकडे गाणारा सा देतो आणि बाकीचे त्याला जुळवून घेतात. इथे सा कागदावर छापलेला असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

संयोजक हेलन गोड हसली. "डिअर, जरा वर ये ना. नाहीतर दुबईहून एक सोप्रानो, उंच आवाजाची गायिका, येऊ शकते."

मी वर गेले. जो आवाज निघाला तो पाहुण्यांसमोर आवाज न करता चहा पिणाऱ्या बाईचा होता. स्टाव्रोसने मान खाली घातली.

"आई, प्लीज," सई कॉयरमधून कुजबुजली, "जस्ट डू इट. एव्हरीवन इज वेटिंग."

"मग थांबू देत," मी म्हटलं. आणि हेलनला सांगितलं, "गाईन तर माझ्या पट्टीत. नसेल जमत तर खलास, बोलवा त्या बाईंना."

एक चेलोवाला पुटपुटला की त्या पट्टीत बोटं मोडतात. स्टाव्रोसने चष्मा काढला. "बाबा म्हणाले होते, ऑफिसर हो, संगीत सोड. तेव्हा ऐकलं नाही, आता हिला कशाला ऐकायला लावू? यल्ला, चला, सगळे तीन पट्ट्या खाली."

त्याने सगळ्यांचं नव्याने लिहिलं. मी नवे कागद छापले आणि जुने मागून घेऊन फाडले, कारण कोणीतरी चुकून जुनाच उघडणार, हे ठरलेलं.

कार्यक्रमात मी पूर्ण छातीने हाक मारली. जाड, उघडी, जशी आहे तशी. समोर उभा राहून हातांनी इशारे देणारा स्टाव्रोस हात खाली करायचा विसरला, म्हणून मीही थांबले नाही.

तुम्ही चिंचवडची मंडळी फोनवर विचारता, परत कधी येणार? पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत आणि चांगले आहेत. इथला व्हिसा कायमचा नाही, हे मला कोणी सांगायला नको. मोबाइलवर रिमाइंडर लावलाय. पण व्हिसा आहे तोवर हेच माझं घर. इथे मी तोंड उघडलं की वाद्यं माझ्या पट्टीत येतात. दिवाळीला भेटायला येईन. राहायला ये म्हणू नका.