तीन चुंबक आणि चार खांदे

माझ्या पुतण्यासारखा माणूस शहापूर-मुरबाड दोन्ही तालुक्यांत दुसरा नाय, आणि नाय तेच बरं. मी चौथीच्या पुढं गेलो नाय. शिकून माणसाचं काय होतं ते याच्याकडं बघून कळलं. धाकट्या भावाचा हा एकुलता. लांबच्या प्रयोगशाळेत चुंबकाचे खडे थंड करण्याचा पगार घेतो. खिशात रुमाल नसेल, तीन चुंबक असणारच. त्याच्या आईनं मुरबाडच्या बाजारातून कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं आणायला सांगितलं, तर आणून ओट्यावर पालथं घातलं आणि वीण बघत बसला. सहाकोनी भोकं, भोवती त्रिकोण. त्याच्या खड्यातले कणही म्हणे अशाच विणीत बसतात. तोवर कोंबड्या शेजाऱ्याच्या खळ्यात. आई म्हणाली, "आधी कोंबड्या आत घाल, मंग देव शोध त्याच्यात."

एका हळदीला तर त्यानं वाजाप थांबवून वाजंत्र्यांना समजावलं, "हर कणाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं असतं. दोघांचं जमतं. तिसरा कुणीकडं बघील? एकाच्या उलट झाला की दुसऱ्यासारखा होतो. तो अडकला."

ढोलवाला म्हणाला, "भाऊ, आमी पण अडकलोय. जेवान थंड होतंय."

मांडव हसला, मी नाय. आमी तिघं भाऊ. गावदेवीच्या पालखीचा पुढचा दांडा कुणी धरायचा यावरून मी आणि मधला बोलत नव्हतो. मान थोरल्याचा, म्हणजे माझा. त्यात मी आजही हलणार नाय. धाकटा माझ्या ओट्यावर बसला की मधला तोंड फिरवी, मधल्याकडं जेवला की मी. लोक म्हणत, होईल हळूहळू थंड. पुतण्या म्हणे, "काका, माझे खडे थंडीच्या पार तळाला नेले तरी आतली चुळबूळ जात नाय. बसायची रीत पालटते ती दाबानं. दाब वाढवत न्यायचा, एका जागी आलं की सगळे एकदम दुसऱ्या रीतीनं बसतात."

मी म्हटलं, "मला दाबणारा अजून जन्माला यायचाय."

मग काविळीनं धाकटा गेला. आमच्यात सख्खे भाऊ असताना त्यांच्या खांद्याशिवाय तिरडी अंगणातून हलत नाय. पुढचा खांदा माझा म्हटल्यावर मधला म्हणाला, "मंग मी येत नाय."

"नको येऊस."

उन्हं कलली. चादरीवर माश्या बसू लागल्या. बायका रडून रडून गप्प झालेल्या. पुतण्या विस्तवाचं मडकं धरून उभा होता, तो हळूच बोलला, "तिघांत एक अडकतो. चार कोपऱ्यांत कुणी अडकत नाय. काका, तुमी पुढं उजवीकडं. मधले काका मागं डावीकडं. शेजारी नाय, पाठोपाठ पण नाय. विसाव्याला खांदेपालट, मंग पुढचा मान त्यांचा."

मी तोंड उघडलं.

"बाबा हयातभर मधे उभा राहिला, काका. आता त्याला जाऊ द्या."

उचलली. भाऊ नुसती काडी झाला होता, तरी तेवढं ओझं मी जन्मात वाहिलं नाय. विसाव्याला तिरडी खाली ठेवली. मी मागं निघालो, मधला पुढं. मधे गाठ पडली. माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "ओढ्याजवळ खड्डा हाय. मागून दिसत नाय, जपून."

एवढंच.

मडकं धरणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं. तेराव्यानंतर पुतण्यानं विचारलं, "विसाव्याला काय झालं?"

"खड्ड्याचं बोलला," मी म्हटलं.

तो हसला. मग डालग्याशी बसून बराच वेळ रडला.

दाब काढला की काही खडे परत मूळच्या रीतीवर जातात, हेही त्यानंच सांगितलेलं. आमीही तसेच परत गेलो. मधला समोरून जातो, मी सुपारी कातरत बसतो. पुतण्या त्याच्या थंडीत परत गेला. तीन चुंबक माझ्या ओट्यावर राहिले. हवे तसे मांडून बघतो, तिसरा काय शांत बसत नाय.

पुढची तिरडी आमच्या दोघांतल्या एकाची. दुसऱ्याला पुढचा खांदा तेव्हा वादाशिवाय मिळेल. खड्डा आहे म्हणून सांगणारं कुणी नसेल.