रुम्मानाला जाऊन आलेला माणूस

लुचेऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मखलूफकाकांचं दुकान होतं. ते खोगिरं शिवायचे. त्यांची बायको घालियाकाकू आणि मी, आम्ही दोघी गाद्यांत लोकर भरायचो. माझा जन्म इथलाच, इटलीच्या या सपाट मुलखातला. पण काका, काकू, माझी आई मर्झूका, समोरचा भटारी हमदून, ही सगळी सिसिलीच्या डोंगरातल्या रुम्माना गावची माणसं. बंड मोडायला राजाच्या फौजेनं डोंगर वेढले, माणसं खाली उतरवली, जहाजात घातली आणि इथं आणून सोडली. परत समुद्र ओलांडायला बंदी. आमच्या घरी मीठ मागायला कोणी आलं तरी बोलणं शेवटी रुम्मानाच्या झऱ्याशीच जाऊन थांबायचं.

जुम्म्याची नमाज झाली की काकांच्या दुकानापुढं माणसं बसायची, बायका आतल्या बाजूला. काका नुवैरा या बाईची जुनी कथा सांगायचे. विहीर आटते, नुवैराची टोळी उंट हाकत पश्चिमेला निघते, वाटेत लढाया होतात, नवरा पडतो, पोरं मोठी होतात. ती टोळी परत कधीच जात नाही. सगळ्यांना ते पाठ होतं, तरी उंट हलायच्या जागी काकांचा आवाज खाली यायचा आणि माझी आई पदर तोंडावर घ्यायची.

एका वसंतात राजवाड्यातून माणूस आला. राजा शिकारीला पालेर्मोकडं निघाला होता. शिकारीचे चित्ते लुचेऱ्यातच पाळलेले. ते घोडेस्वाराच्या मागं गादीवर बसून जातात, आणि चित्त्याच्या नखांनी त्या गाद्या रोज फाटतात. सोबत शिवणारा हवा होता.

काका घरात आले ते भिंतीला टेकून बसले. काकू म्हणाल्या, "काय झालं? बोला तरी."

"सिसिलीला जायचंय."

काकूंनी हातातली लोकर खाली ठेवली. मग म्हणाल्या, "जाडा अंगरखा न्या. डोंगरात गार असतं या दिवसांत."

ही बातमी लपणार थोडीच. संध्याकाळपर्यंत निम्मी गल्ली दुकानात. हमदून म्हणाला, "मखल्या, माझ्या गिरणीमागचं अंजिराचं झाड बघून ये. फळ नसेल अजून, पान तरी आण." कोणाला भावाचं दार बघायचं होतं, कोणाला मशिदीची पायरी. आई सगळे जाईपर्यंत थांबली. मला वाटलं, मला न्यायला थांबलीय. तिनं काकांना हळूच सांगितलं, "खरोबाच्या झाडाखाली, बांधाला लागून. माझा थोरला. तुला ठाऊक आहे."

माझ्या आधी आईला मुलगा झाला होता, त्याची कबर तिकडं राहिली होती, हे मला त्या दिवशी कळलं.

काका गेले, आणि गल्ली नुसती वाट बघत राहिली. हमदून तर रोज पाव भाजून झाले की वेशीपर्यंत चक्कर मारायचा. उन्हाळा सरत आला तेव्हा काका परतले, काळवंडलेले, एका हाताला चित्त्याच्या नखाचा व्रण घेऊन. पाणी प्यायची उसंत न देता माणसं भोवती बसली.

काका म्हणाले, "शिकारीतून एक दिवस सुट्टी मिळाली, तेव्हा जाऊन आलो. तट पाडलाय. मशीद नाही. अंजिराचं झाड तोडलंय. झरा वाहतोय. उत्तरेकडून माणसं आणून वसवलीत तिथं."

सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले.

"बस?" हमदून म्हणाला. "नुवैराच्या घोडीच्या शेपटीवर तू एक जुम्मा घालवतोस. आणि आमचं गाव एवढ्यात आटपलंस?"

"होतं तेवढं सांगितलं."

"तू गेलाच नसशील. पालेर्मोत बसून गाद्या शिवल्या असशील."

हमदून उठला, त्याच्या मागं बाकीचे. पुढं कितीतरी दिवस तो दुकानावरून जाताना मान फिरवायचा. पाव मात्र आपल्या पोरीच्या हाती पाठवत राहिला.

आई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. मी आत गादी भरत होते. ती उंबऱ्याशीच उभी राहिली.

"दिसली का?"

काकांनी सुई खाली ठेवली. "नाही दिसली, मर्झूका. गहू होता तिथं. बांधही सरकवलाय. माझी जागा चुकली असेल."

"चुकली नसेल." आई म्हणाली. मग तिनं विचारलं, "गहू कसा होता?"

"चांगला होता. दाणा भरलेला."

"बरं," ती म्हणाली, आणि घरी गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. मी ताट झाकून ठेवलं.

पुढं काम करता करता काकांच्या तोंडून थोडं थोडं निघत गेलं. आम्हाला सांगत नव्हते, आपल्याशीच बोलत असावेत. झऱ्यावर एक बाई पाणी भरत होती. काकांना तिची भाषा मोडकीतोडकी येत होती. तिनं पाव दिला, वर कांदा दिला. मग म्हणाली, इथल्या पाण्यात डाळ शिजत नाही, माझ्या गावी नदी होती, राजाच्या माणसांनी जमीन देतो म्हणून इथं आणलं, आई तिकडंच राहिली, आता मेली की जिवंत तेही कळत नाही. बोलता बोलता रडायला लागली. पाऊस झाला की झरा गढूळ होतो म्हणून तक्रारही केली. काकांनी गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरून कडेचा दगड सरकवला आणि गाळ कुठून काढायचा ते तिला दाखवलं.

"तिनं विचारलं नाही, तुम्हाला कसं ठाऊक म्हणून?" काकू म्हणाल्या.

"विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडं असाच झरा होता."

काकूंच्या हातातली लोकर तशीच राहिली. "आणि आपलं घर?"

"ती त्याच घरात राहते, घालिया. दारापर्यंत गेलो होतो मी."

हिवाळाभर काकांनी कथा सांगितली नाही. घसा बसलाय म्हणायचे. पुढच्या वसंतात एका जुम्म्याला स्वतःच दुकानापुढं सतरंजी टाकून बसले. माणसं जमली, हमदूनही आला, मागं उभा राहिला. विहीर आटली, उंट हलले, काकांचा आवाज खाली आला. पण नुवैराबरोबर पश्चिमेला जायच्या ऐवजी कथा विहिरीपाशीच थांबली. पाऊस पडला, विहिरीला पाणी आलं, आणि कुठून तरी लांबून हाकलून आणलेली एक बाई घागर घेऊन तिथं आली. तिला त्या पाण्याची चव आवडेना. विहिरीच्या काठावर बसून ती स्वतःच्या गावाचं नाव घेऊन रडली.

"ही कोण?" हमदून मागून म्हणाला. "ही कथेत नव्हती."

"आता आहे."

"आमच्या विहिरीवर बसून तिनं रडायचं, आणि आम्ही ते ऐकायचं?"

"ऐकायचं नसेल तर जा, हमदून. पुढच्या जुम्म्याला लढाई आहे, तेव्हा ये."

काहीजण उठून गेले. हमदून मात्र उभा होता तिथंच खाली बसला. आतल्या बाजूला माझ्या आईनं पदर तोंडावर घेतला, नुवैरा निघते तेव्हा घ्यायची तसाच. लांबच्या त्या बाईसाठी की स्वतःसाठी, मी विचारलं नाही.

राजवाड्यातून नंतरही बोलावणं यायचं. काका गडीमाणसाला पाठवायचे, स्वतः कधी गेले नाहीत. लुचेऱ्याच्या वेशीबाहेर त्यांना पुरलं, पुढं हमदूनलाही जवळच. आता कथा दुसरा एकजण सांगतो. विहिरीवरची ती बाई तो वगळतो.

काकांच्या पश्चात एकदा काकूंनी मला सांगितलं, त्या काकांना शेवटपर्यंत एकच गोष्ट विचारत राहिल्या: दारापर्यंत गेलात, मग आत का नाही डोकावलात? काका म्हणायचे, "चूल पेटलेली होती." काकूंना ते कधी पटलं नाही. त्या म्हणाल्या, "मी असते तर गेले असते बाई आत. तिला सांगितलं असतं, जरा सरक, मला बसू दे."