पोटात ओतलेला सोडा

"जठरात अल्सर आहे, म्हणजे आतून जखम झालीय," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "रक्त वाहत होतं, ते थांबवलंय. जखमेचा बारीक तुकडा बायोप्सीला पाठवलाय. साधी जखम आहे की कॅन्सर, ते त्यातून कळेल."

मला फक्त कॅन्सर ऐकू आलं.

मी अंबडला प्लेटिंगच्या, म्हणजे लोखंडावर मुलामा चढवायच्या, कारखान्यात कामाला आहे. गाव यवतमाळकडं, शिक्षण आठवी. बायको रेखा आणि पोरगी गावीच असतात. आमच्याकडं लोखंडाचे भाग ॲसिडच्या टाकीत बुडवून गंज काढतात. ॲसिड खाली सांडलं की आम्ही त्यावर सोडा टाकतो. फसफस होते. फेस बसला की समजायचं, ॲसिड मेलं.

त्यामुळं पोटात जळजळायला लागलं तेव्हा डॉक्टर कशाला? खाण्याचा सोडा पाण्यात घालून प्यायलो. मोठा ढेकर आला. म्हटलं, मेलं.

तासाभरात परत जळजळ. परत सोडा. चिमटीचा चमचा झाला. शिवाय खांदा दुखायचा म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी रोज, तीही उपाशीपोटी. संडासला डांबरासारखं काळं व्हायला लागलं, त्याचं खापर मी कारखान्यातल्या धुळीवर फोडलं. शेवटी कामावरच चक्कर येऊन पडलो. सुपरवायझरनं गाडीत घालून इंदिरानगरच्या दवाखान्यात आणलं. तिथं एन्डोस्कोपी केली, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी पोटात घालून बघतात. ओकाऱ्या येतात, पण सहन होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना गोळ्यांचं आणि सोड्याचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अहो, पोट म्हणजे तुमची टाकी नाही. तिथं हायड्रोक्लोरिक ॲसिड बनतं..."

"आमच्या टाकीत तेच असतं, मॅडम!"

"तेच. पण टाकी तुम्ही भरता, इथं शरीर ठरवतं. जेवणाचा नुसता वास आला तरी ॲसिड सुटायला लागतं. पुरेसं झालं की थांबतं. तुम्ही सोडा ओतलात की पोटाला वाटतं, कमी पडलं. मग गॅस्ट्रिन सुटतं, म्हणजे रक्तातून जाणारा निरोप: आणखी बनवा."

"म्हणजे मी मारत होतो आणि ते..."

"ते आणखी बनवत होतं. आणि जखम बहुतेक त्या दुखण्याच्या गोळ्यांनी झालीय. पोटाला आतून बुळबुळीत थर असतो, त्यात शरीराचा स्वतःचा सोडा असतो. म्हणून पोट स्वतःलाच पचवत नाही. गोळ्यांनी तुमचा तो थर गेला."

मला स्वतःची अशी चीड आली! आतला फुकटचा सोडा गोळ्या खाऊन घालवला आणि वरून डब्यातला ओतत बसलो.

मग दवाखान्यातून सोडलं आणि रिपोर्टची वाट सुरू झाली. काउंटरवर रोज एकच, "उद्या या." उद्या गेलं की, "सांगितलं ना, आल्यावर फोन करू." रेखाला काही कळवलं नव्हतं. सगळं टाकून धावत येईल म्हणून. फोनवर हसून बोलायचो आणि ठेवला की पोरीचा फोटो बघत बसायचो. पोरगी दुसरीत आहे, तिचं कसं होईल, एवढंच डोक्यात.

माझ्या भाड्याच्या खोलीतला जोडीदार दिनेश देवळा गावचा, घरी कांद्याची शेती. त्याचं वेगळंच. "भाऊ, कांदा फोडून खा. आमच्या देवळ्यात कोणालाच अल्सर नाय."

"नळी घालून बघितलंय का कुणाच्या पोटात?"

"लय चिडतो राव तू. म्हणून तर जळतं."

पण त्यानंच रजा टाकून मऊ खिचडी आणली, माझे कपडे धुतले. ते मी विसरणार नाही.

सहाव्या दिवशी मॅडमनी आत बोलावलं. कागद वाचत म्हणाल्या, "कॅन्सर नाही." मी दोनदा विचारलं. त्यांनी न रागावता दोनदा सांगितलं. ॲसिड कमी बनवणारी गोळी सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी, आठ आठवडे. मग पुन्हा नळी घालून जखम भरली का बघायची. दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही.

तुमच्यापैकी कुणाला संडासला काळं होत असेल तर धूळ-बिळ म्हणू नका, ते पोटातलं रक्त असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरकडं जा, आणि घरी जे काय खाल्लं-प्यायलं ते लाज न धरता सांगा.

बाहेर येऊन रेखाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"इतके दिवस मले सांगाले तोंड शिवलं होतं का?" ती ओरडली. "आन् सोडा भज्यात टाकतात, नवऱ्यात नाही!"

मला हसू आलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "पोरीले मायजवळ ठेवतो. मी तिकडं येऊन राहिली."

मी नको म्हटलं नाही.