टाकीला लागलेला हात

समुद्राची ओढ तिला शिलाई मशीनवर बसल्या बसल्या लागली. ती शिंपीण. रविवारी हवेची टाकी पाठीला बांधून समुद्रात बुड्या मारणारे चार-पाच पुरुष आपले फाटके रबरी सूट तिच्याकडे शिवायला टाकत. "नुसती शिवतेस काय, एकदा घालून तर बघ," असं त्यांच्यातला एकजण थट्टेत बोलून गेला आणि हिनं ते मनावर घेतलं. बायकांच्या मापाचा सूट मिळेना, तेव्हा एक पुरुषी सूट उसवून तिनं स्वतःच्या मापाचा बेतला. वय बेचाळीस. सासूबाई म्हणाल्या, "घरात बालदी कमी पडली का गं?"

त्याला सहा वर्षं झाली. माणसं चांगली होती, हे आधीच सांगते. वाईट असती तर भांडून मोकळं होता आलं असतं. एकमेकांच्या सामानाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम. हिच्या बाबतीत मात्र नियमाला कायमची सुट्टी. ती वाकली की कुणी टाकी उचलायचं, कुणी मागून पट्टा ओढायचं. पाण्याखाली सगळ्यात आधी हवा संपायची ती त्या धिप्पाड गड्यांची, आणि वर आल्यावर म्हणायचे, "तुझ्यासाठी लवकर आलो हं." ती गप्प बसायची. गप्प बसते म्हणून तिला रागही यायचा, स्वतःचाच.

त्या रविवारी गटाच्या पुढे तिला ठेवायचं की नाही, हे सर ठरवणार होते. सर म्हणजे त्यांचे प्रशिक्षक. पुढे राहणाऱ्यानं कुठे वळायचं, कधी वर यायचं ते सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. सहा वर्षं मागे राहिलेल्या बाईला हे किती हवं होतं, ते तिचं तिलाच माहीत.

अठरा मीटरवर श्वास जड झाला. तोंडावर जाड कापड धरल्यासारखा. तिनं हवेचा काटा पाहिला. श्वास घेतला की काटा धाडकन खाली, थांबलं की पुन्हा वर. म्हणजे टाकी भरलेली, पण व्हॉल्व्ह जवळजवळ बंद. तिनं हात मागे नेला. सुटाचा स्वतःच घट्ट शिवलेला खांदा आडवा आला, दोन बोटं कमी पडली. ती घाबरली, चांगलीच घाबरली. आता मदत मागितली की पुढे जाणं संपलं, हेही तिला कळत होतं. पण जीव राहिला तर पुढचं. तिनं शेजारी पोहणाऱ्या दादांचा दंड धरला, गळ्यावरून आडवा हात फिरवून हवा नसल्याची खूण केली आणि त्यांची जादा नळी तोंडात घेतली. सगळे सावकाश वर आले.

दादा गटात थोरले, धंद्यानं प्लंबर. होडीत बसताच म्हणाले, "होतं असं. बायकांचं काळीज नाजूक." सरांनी वही काढली.

"थांबा," ती म्हणाली. "माझ्या टाकीला कुणी हात लावू नका. सर, तुम्हीच व्हॉल्व्ह उघडा."

सरांनी फिरवला. एक वळण, दुसरं, तिसरं. व्हॉल्व्ह उघडतच राहिला.

"शक्यच नाही!" दादा म्हणाले. "निघताना मी स्वतः उघडला होता. तीस वर्षं नळच उघडतोय मी."

"मी तो आधीच उघडला होता, दादा."

दादांचा हात मांडीवरच नळ फिरवल्यासारखा फिरला, आधी एकीकडे, मग उलटा. "फिरेना, म्हणून मला बंद वाटला," ते हळूच म्हणाले. "मग दुसरीकडे फिरवला, पार टोकापर्यंत. आणि सवयीनं पाव वळण मागे. म्हणजे बंद मीच केला." त्यांचा चेहरा उतरला. "मी तुझा जीव घेतला असता गं."

"मदत करायला गेलात," ती म्हणाली. "विचारलं असतंत तर बरं झालं असतं."

सरांनी वही मिटली. "दुसऱ्या बुडीला सगळ्यांनी हिच्या मागे राहायचं," एवढंच बोलले.

तासाभरानं सगळ्यांनी नव्या टाक्या चढवल्या. दादा आपण होऊन तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. "जरा माझा व्हॉल्व्ह बघ."

तिनं हात पुढे केला आणि मधेच थांबवला. "उघडलाय ना तुम्ही?"

"हो, उघडलाय."

"मग मी कशाला हात लावू?" ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरली.