दुसऱ्या नंबरची टीम

मी निघालो त्या दिवशी सोसायटीच्या गेटवर आमच्या कॉलेजच्या हॉकी टीमने स्टिकची कमान धरली होती. दहा जण, पाच या बाजूला, पाच त्या बाजूला. त्या कमानीखालून मला एअरपोर्टच्या गाडीपर्यंत जायचं होतं. आई म्हणाली, "हे काय, लग्न आहे का याचं?" आमचा गोलकीपर दिलीप, म्हणजे दिल्या, पॅड घालून आला होता, कारण पॅड न घालता त्याला लोक ओळखत नाहीत असं त्याचं म्हणणं. मी वाकलो, पण पुरेसा वाकलो नाही, आणि एक स्टिक डोक्यात बसली. परदेशगमनाच्या फोटोत मी डोकं चोळताना दिसतो.

पाच दिवसांपूर्वी आम्ही आंतरमहाविद्यालयीन फायनल हरलो होतो. दिल्याने त्याच मॅचचा बॉल माझ्या हँडबॅगेत कोंबला. सिडनीच्या विमानतळावरच्या फॉर्मवर 'माती आणली आहे का' असा प्रश्न होता. मी ऐटीत 'नाही' लिहिलं. तपासणीवरच्या बाईंनी बॅग उघडली, बॉल हातात घेऊन फिरवला, शिवणीतली लाल माती नखाने काढून मला दाखवली. मी म्हटलं, धिस इज नॉट सॉइल, मॅडम, धिस इज खडकी. बाई हसल्या नाहीत. बॉल आत नेला, कसल्याशा औषधाने घासला आणि पांढराशुभ्र करून परत दिला. खडकीची माती माझ्याजवळ एवढीच होती, ती पहिल्याच तासात गेली.

आईचं शेवटचं वाक्य गाडीच्या काचेतून आलं होतं. "इकडची काळजी करू नकोस. इकडे सगळं ठीक असतं." मराठीत 'ठीक आहे' आणि 'ठीक असतं' यांत केवढं अंतर आहे, ते कळायला मला वीस-पंचवीस वर्षं लागली. 'आहे' म्हटलं की निदान बघून सांगितल्यासारखं वाटतं. 'असतं' हा नियम आहे, त्याला बघावं लागत नाही. आईचा हात मोडला ते मला प्लास्टर निघाल्यावर कळलं. मीही काही कमी नाही. पॅरामॅटातली नोकरी गेली आणि पाच महिने घरी बसलो, तेव्हा दर रविवारी फोनवर 'मस्त चाललंय' म्हणत होतो. लांब असलेल्याला वाईट बातमी द्यायची नाही, ही आपली रीत. तो तिथे एकटा, ऐकून करणार काय?

तर हे लिहितोय ते टीममधल्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. एका यादीची दुरुस्ती करायची आहे. ज्याच्यासाठी करायची तो आता नाही, पण दुरुस्ती राहिली आहे.

कॉलेजने ठरवलं की जिमखान्याच्या भिंतीवर आजवरच्या सर्वांत थोर पाच हॉकी टीम्सचा बोर्ड लावायचा. व्हॉट्सॲपवर जुन्या खेळाडूंची जुंपली. अनवाणी खेळून ट्रॉफी आणणाऱ्यांचे पाठीराखे म्हणत, बूट घालून कोणीही जिंकेल. तिघा भावांच्या टीमवाले म्हणत, पास देताना आमच्यात भांडणं व्हायची, तरी जिंकलो. एका काकांनी लिहिलं, "आमच्या काळी अंपायरसुद्धा चांगले होते." महिनाभराच्या तमाशानंतर आमचा कॅप्टन राजन, म्हणजे राज्या, म्हणाला, "पक्या ठरवेल. तो लांब आहे, त्याचा कुणात जीव अडकलेला नाही."

पक्या म्हणजे मी, प्रकाश. मी खूश झालो. ऑफिसमध्ये मला असा मान नाही. पहिल्याच आठवड्यात मॅनेजर 'सी यू धिस आर्वो' म्हणाला होता आणि मी ऑफिसच्या डिरेक्टरीत आर्वो नावाचा माणूस शोधत बसलो होतो. दुपारला इथे आर्वो म्हणतात हे कळेपर्यंत दुपार संपली आणि मीटिंगही. ही गोष्ट मी दर दिवाळी पार्टीत सांगतो. स्वतःच्या फजितीवर माझं सामाजिक आयुष्य उभं आहे.

दिल्या ग्रुपवर एरवी फक्त अंगठा पाठवायचा. त्या महिन्यात त्याने मला वेगळा मेसेज केला. "आपली टीम कितवी?" मी लिहिलं, "थांब, निकाल शनिवारी." दोन दिवसांनी पुन्हा, "पहिली लाव की. एकदा बघायचंय." मला वाटलं, म्हातारपणी मस्का लावायला शिकला. मी लिहिलं, "वशिला चालणार नाही."

त्या शनिवारी मी माझ्या मुलीच्या, इराच्या, युनिव्हर्सिटीच्या मॅचला गेलो होतो. ती फुलबॅक खेळते, गोलकीपरच्या पुढे, माझ्याच जागेवर. हाफटाइमला सॉसेज खात मी यादी टाइप केली. पहिली अनवाणी टीम. दुसरी आमची. आणि आमच्या नावापुढे शेरा: 'पहिली आली असती, पण फायनलला गोलकीपर दिल्याच्या दोन पायांतून बॉल गेला. बॉलच काय, डबलडेकर गेली असती.' पाठवून दिलं आणि माझ्याच विनोदावर हसलो.

ग्रुपवर कोणी हसलं नाही. एवढ्या माणसांनी वाचलं आणि एक स्मायली नाही. सेकंड हाफ सुरू झाला तेव्हा राज्याचा फोन आला.

"पक्या, दिल्याचं लिव्हर गेलंय. चार महिने झाले. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू तिकडे. म्हटलं उगाच कशाला. यादी मी त्याला वाचून दाखवत होतो. शेऱ्यापर्यंत कधी पोचलो कळलंच नाही. वाचून गेलो."

मी विचारलं, बोलू का त्याच्याशी. राज्या म्हणाला, त्याला बोलवत नाही फारसं, पण ऐकतो. काही सांगायचं असेल तर व्हॉइस मेसेज पाठव, मी कानाशी धरतो.

काही सांगायचं होतंच. फायनलची शेवटची तीन मिनिटं, एक-एक अशी बरोबरी. त्यांच्या फॉरवर्डने डीमधून, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळातून, मारलेला फटका अगदी मवाळ होता, सरळ दिल्याच्या पॅडवर चाललेला. दिल्या ओरडला, "सोड, माझा आहे." मी त्याच्या पुढे उभा होतो. मी ऐकलं. पण पाच दिवसांनी मी जाणार होतो, ही माझी शेवटची मॅच, आणि शेवटचा बॉल मी अडवला असं नंतर सांगता यावं असं मला वाटलं. मी स्टिक घातली. बॉल स्टिकच्या कडेला लागून वळला आणि पॅड मिटायच्या आत त्याच्या पायांतून गेला. लांबून बघणाऱ्याला गोलकीपरच चुकलेला दिसला असणार. टीमचे सर त्याला सगळ्यांदेखत काय काय बोलले. दिल्या मान खाली घालून पॅडचे पट्टे सोडत राहिला. मी उभा होतो. तेव्हापासून माझ्या फजितीच्या हजार गोष्टी सांगतो, त्यातली ही एक मात्र त्याच्या नावावर सांगत आलो.

रविवारी मी घराजवळच्या स्कोफिल्ड्स स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मेसेज रेकॉर्ड केला. ऐकला तर मध्येच एक विनोद होता. पुसला. दुसऱ्यात दोन विनोद होते. मला गंभीर बोलता येत नाही हे मला माहीत होतं, पण इतकं येत नाही हे माहीत नव्हतं. सोमवारी चार वेळा, मंगळवारी ऑफिसच्या जिन्यात पाच वेळा. बुधवारी एक धड झाला. चाळीस सेकंदांचा. 'दिल्या, बॉल माझ्या स्टिकला लागला होता. तू सोड म्हणाला होतास, मी ऐकलं होतं. बोर्डवर मी खरं लिहायला सांगतो.'

मेसेज पोचला तेव्हा दिल्या जाऊन दोन तास झाले होते.

दुसऱ्या दिवशी राज्याचा फोन आला. आवाज बसला होता. "ऐकला तुझा मेसेज. आम्हाला माहीत होतं रे."

"काय माहीत होतं?"

"स्टिकला लागल्याचा आवाज आला होता. मी सेंटर हाफ, मला आला. नंतर ड्रेसिंग रूममध्ये बाकीच्यांनाही कळलं. तू बाहेर घरच्यांबरोबर फोटो काढत होतास. दिल्याच म्हणाला, कुणी विषय काढायचा नाही. पोरगा चाललाय, हे घेऊन नको जायला."

म्हणजे मी अजून खडकीत होतो, बॅगसुद्धा भरली नव्हती, तेव्हाच मी लांबचा झालो होतो. कमान धरून उभे होते त्या दहाही जणांना माहीत होतं. ज्याची स्टिक माझ्या डोक्यात बसली, त्याने ती मुद्दाम खाली धरली होती की काय, असं आता वाटतं. तसं असेल तर बरं वाटेल.

मी राज्याला विचारलं, शेरा ऐकून तो काय म्हणाला.

राज्या सांगेना. मी म्हटलं, आता तरी लपवू नको.

"म्हणाला, अजून सांगतो का तो ती गोष्ट? सांगू दे. तिकडे कोण आहे त्याचं."

फोन ठेवून मी पेंडल हिलला इंडियन किराणा आणायला गेलो, घरून पोह्यांची यादी मिळाली होती. दुकानात मीठ घेतलं, हळद घेतली, पोहे विसरलो.

तर दुरुस्ती अशी. आमची टीम दुसरीच राहू दे, अनवाणी टीम खरंच थोर होती. दिल्याला पहिला नंबर हवा होता, पण तो खोटा दिला तर त्याच्या नावावर आणखी एक खोटं होईल. शेरा मात्र बदला. लिहा: 'फायनलचा गोल फुलबॅक प्रकाशच्या स्टिकला लागून झाला. गोलकीपरने सोड म्हटलं होतं.' पेंटरला सांगा, अक्षर बारीक नको. आणि यापुढे मला 'ठीक असतं' म्हणू नका. कोणाचं काय दुखतंय ते दुखतंय तेव्हाच सांगा. मीही सांगेन. सुरुवात म्हणून सांगतो, माझी नोकरी एकदा गेली होती.

घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की मी पूर्वी पुणे म्हणायचो, हल्ली स्कोफिल्ड्स म्हणायला लागलो होतो. आता वाटतं, माझी चूक दहा जणांना माहीत होती आणि एकानेही कधी काढली नाही, ते घर. तिथून मी निघालो, आणि तिथे काय चाललं होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढच्या शनिवारी इराची मॅच होती. शेवटची मिनिटं, बरोबरी. डीमधून एक मवाळ फटका आला, तिच्या उजव्या हाताला. मागून तिच्याच टीमची गोलकीपर ओरडली, "लीव्ह इट, माइन." मी कुंपणाची जाळी धरून उभा होतो.

इराने स्टिक वर उचलली. बॉल गेला, पॅडला लागला, बाहेर आला.

एवढंच करायचं होतं.