बिगरचष्म्याच्या सुनेची लेन्स

“आमच्या सूनबाईला कदीच चष्मा न्हवता, म्याडम.”

प्रश्न मी सूनबाईंना विचारला होता. उत्तर सासूबाईंनी दिलं. आमच्या नगरकडे पेशंट डोळे घेऊन येतो, तोंड नातेवाईक आणतात.

सुनंदा मिरजगावची, ब्लाउज शिवणारी. पंचेचाळिशीतच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सुईत दोरा जाईना, हातातलं काम परत जाऊ लागलं, तेव्हा नवरा आणि सासू तिला माझ्याकडे घेऊन आले.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये आम्ही डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढून कृत्रिम लेन्स बसवतो. तिची पॉवर आधी ठरवावी लागते. त्यासाठी मशीन डोळ्याची लांबी मोजतं आणि कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याचा बाक मोजतं. सुनंदाचा डोळा चांगलाच लांब निघाला. इतका लांब डोळा म्हणजे शाळेपासून जाड भिंगाचा चष्मा. कॉर्निया मात्र भाकरीसारखा सपाट, आणि कडेला पुसटशी गोल रेघ. लेझरने नंबर घालवला की अशी खूण राहते.

“लेझर केलंय का कधी?”

सुनंदानं फरशीकडे बघत मान हलवली. “न्हाई.”

“स्थळ बगतानाच सांगितलं हुतं आमी,” सासूबाई म्हणाल्या. “चष्म्याची पोरगी नको. पोराबाळांत उतरतं.”

ही अट डोळ्याच्या लांबीला कुणी कळवलेली दिसत नव्हती. नवरा मोबाईल बघत होता.

मी सुनंदाला डार्करूममध्ये नेलं. आत नातेवाईक चालत नाहीत, असं सांगितलं. असा नियम आमच्याकडे नाही. मी तो उभ्या उभ्या केला.

“लेझर लपवलंत तर नेहमीच्या फॉर्म्युल्याने कमी पॉवरची लेन्स बसेल. मग लांबचं धूसर आणि जवळचं त्याहून धूसर. शिवणार काय?”

ती रडायलाच लागली. “मामानं पुन्याला नेलं हुतं, सुपारी फुटायच्या आदी. ह्यास्नीबी म्हाईत न्हाई. सांगू नका ओ, लई बोलतील.”

“नाही सांगणार. लेझरआधीचे रिपोर्ट आहेत?”

“जाळले.”

मला राग आला. तिचा नाही, त्या अटीचा. बाईनं नंबर घालवला, कागद जाळले, आणि संसारभर धाक मात्र तसाच राहिला.

जुन्या रिपोर्टशिवाय चालणारे खास फॉर्म्युले असतात. मी तीन लावले. लग्नातल्या मध्यस्थांसारखी तिघांनी वेगवेगळी उत्तरं दिली. मी जरा जास्त पॉवरकडे झुकले. अंदाज चुकला तर मायनसकडे चुकावा, म्हणजे शिवणाऱ्या बाईला जवळचं तरी स्वच्छ दिसेल. लांबचं बघायला चष्मा लागू शकतो, हेही तिला सांगून ठेवलं. मोतीबिंदूपेक्षा त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

दोन्ही ऑपरेशनं नीट झाली. सुईत दोरा पहिल्या झटक्यात गेला. लांबचा थोडा मायनस नंबर राहिला. शेवटच्या तपासणीला मी चष्मा तिच्या हातात दिला, तर ती तो पदराखाली धरून बसली.

“घाल की गं,” सासूबाई म्हणाल्या. “पयल्या दिवाळीला तुज्या माहेरी शाळंतला फोटू बगितलाय मी. केवडा जाड चष्मा हुता.”

सुनंदानं पदर चष्म्यावर आणखी ओढला. माझ्यानंच राहवलं नाही. “मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? मलाही कधीच चष्मा नव्हता म्हणालात.”

“काय बोलू, म्याडम? आमच्या पोराला डाव्या डोळ्यानं जन्मापासनं काय बी दिसत न्हाई. त्ये तरी आमी कुटं सांगितलं हुतं?”

नवऱ्यानं मोबाईल खिशात घातला. सुनंदानं चष्मा लावला आणि त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

आता लेन्सची मापं घ्यायला मी पेशंटला एकट्यालाच आत घेते. मशीनच्या घरात कुणाचं लग्न जमवायचं नसतं, म्हणून ते खरं बोलतं.