वास नाही, असं मी लिहीत गेलो

हे मी आजवर कुणापुढं बोललो नाही — बायकोपुढंही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण आता आत मावत नाही.

मला वास येत नाही. कसलाच नाही. एवढंच असतं तर लपवायचं काय होतं?

आमच्या गावाबाहेर, इस्लामपूरच्या रस्त्याला, कोंबड्यांची आतडी-पिसं शिजवून खाद्य करायचा कारखाना आहे. दुर्गंधी अशी, की पाहुणा भरल्या ताटावरून उठायचा. गावानं कारखान्याचं दार अडवलं, तेव्हा मालकानं प्लाझ्माचं यंत्र आणलं — काचेच्या नळ्यांत विजेच्या जांभळ्या ठिणग्या पडतात, घाणेरडी वाफ त्यातून जाते आणि तिचा वास मरतो. पण गावाचा यंत्रावर भरवसा नव्हता. आपला माणूस रोज कुंपणाशी उभा राहील, हुंगेल आणि वहीत लिहील, असं ठरलं. तो माणूस मी. माझे वडील गुऱ्हाळावरचे गुळव्या. उकळत्या काहिलीच्या वाफेच्या वासावरून गूळ कधी उतरवायचा, हे मीही लहानपणापासून सांगायचो. नाक असावं तर याचं, असं गाव म्हणायचं. मला ते फार आवडायचं.

पहिलं वर्ष खरं लिहिलं. मग ताप आला, आणि तापासोबत वास गेला. येईल आठ दिवसांत, म्हटलं. वहीत लिहिलं — वास नाही. आठाचे पंधरा झाले, महिना झाला. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? गावानं दुसरा माणूस नेमला असता. पण मग मी कोण उरलो असतो?

शालनकाकी, माझी सख्खी चुलती, कुंपणाला लागून राहते. ती म्हणायला लागली, वास येतोय. इतरांना वारं फिरलं तरच यायचा, आणि ते वहीकडं बोट दाखवून गप्प बसायचे. एक दिवस भर पारावर ती मला म्हणाली, “आरं, मेलेल्या जनावरागत वास येतुय, घास उतरंना. तुला कसा येत न्हाई रं?”

सगळे माझ्याकडं बघत होते.

“न्हाई काकी,” मी म्हणालो. “भास हाय तुझा.”

लोक हसले. मीही हसलो — हेही सांगायला हवं.

तिनं जेवण टाकलं. तिच्या मुलानं तिला सांगलीला डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं, गोळ्या सुरू झाल्या. त्याच आठवड्यात ऑपरेटरनं यंत्र उघडलं. नळ्या चरबीच्या काजळीनं बरबटलेल्या. निम्म्या कितीतरी दिवस पेटतच नव्हत्या. मी तिथंच उभा होतो. पाहिलं — आणि घरी येऊन जेवलो. नळ्या साफ झाल्या, वास गेला, आणि गाव म्हणालं, काकीला गोळ्या लागू पडल्या.

तेव्हा तरी बोलता आलं नसतं का? आलं असतं. नाक गेलं होतं, जीभ नव्हती गेली.

गोळ्या अजून चालू आहेत. काकीचे हात थरथरतात. रोज सकाळी दुधाचं भांडं घेऊन ती माझ्या दारात येते. “बघ रं, नासलंय का? मला मेलीला काय कळतंय आता.” मी भांडं नाकाशी नेतो. ओरडावंसं वाटतं. आणि सांगतो — चांगलं हाय काकी.

परवाही तेच सांगितलं, आणि ते नासलेलं होतं. दारातच घेतलेल्या पहिल्याच घोटाला तिचं तोंड वाकडं झालं. तिनं माझ्याकडं पाहिलं — आणि सगळं पिऊन टाकलं.